नवा पाया, जुनी मशीनं : विंडोज व्हिस्टाचं प्रकरण

"फॉरमॅट मारा आणि एक्सपी टाकून द्या." २००७-०८ च्या सुमाराला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घटकाभर बसलं तरी हे वाक्य कानावर पडायचं. समोर नवाकोरा लॅपटॉप, स्क्रीनवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही, आत विंडोज व्हिस्टा. आणि मालकाला हवी आहे सहा वर्षांपूर्वीची विंडोज. दुकानदारही वाद घालायचा नाही. व्हिस्टा जायची, एक्सपी यायची, गिऱ्हाईक समाधानानं घरी जायचं.

पुढे २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आली आणि लोकांनी तिला मनापासून जवळ केलं. कित्येक कचेऱ्या एक्सपीवरून थेट तिच्यावर गेल्या, व्हिस्टाच्या वाटेलाही गेल्या नाहीत. पण विंडोज ७ चा आतला आवृत्ती क्रमांक तपासला की दिसतो ६.१. व्हिस्टाचा होता ६.०, एक्सपीचा ५.१. ज्या घराला लोकांनी नावं ठेवली, त्याच घराची डागडुजी झाल्यावर ते तिथे आनंदानं राहायला गेले.

मग व्हिस्टा एक्सपीपेक्षा सुधारलेली होती का? होती, आणि काही बाबतींत तर फारच. ती काढून टाकणारी माणसं चुकली का? बहुतेक नाही. ही दोन्ही उत्तरं मी पूर्ण विचार करून देतो आहे, आणि ती एकत्र कशी नांदतात हे दाखवण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

एक्सपीचं दुखणं

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. त्याआधी घरगुती मशीनवर विंडोज ९५, ९८, एमई ही एक शाखा चालायची आणि कचेऱ्यांत एनटी आणि २००० ही दुसरी. घरगुती शाखा वरचेवर कोसळायची. एक्सपीने घरच्या माणसालाही एनटीचा भक्कम गाभा दिला. लोकांचा तिच्यावर जीव बसला तो उगाच नव्हे.

पण एनटीची एक चांगली सवय घरी येताना वाटेतच राहिली. एनटीत कमी अधिकाराचं खातं आणि व्यवस्थापकाचं खातं वेगळं ठेवायची सोय होती. एक्सपीतही ती होती, पण घरच्या मशीनवर जो तो पूर्ण अधिकाराच्या खात्यातच काम करायचा. मर्यादित खातं वापरून पाहिलं तर काय व्हायचं त्याचा एक छोटा नमुना : खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारा. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला वार कोणता, एवढंच बघायचं आहे. एक्सपी सांगायची, वेळ बदलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. कॅलेंडर उघडायचंच नाही. वेळ बदलणं आणि तारीख बघणं या दोन गोष्टी तिथे एकाच दाराआड होत्या, आणि दाराला कुलूप होतं. बाहेरच्या कंपन्यांचे असंख्य प्रोग्रामही पूर्ण अधिकार गृहीत धरूनच लिहिलेले. मग मर्यादित खातं कोण वापरणार?

सुरक्षिततेतल्या अशा ढिलाईची किंमत नेट घरोघर पोचल्यावर कळली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि २००४ च्या एप्रिल-मेमध्ये सॅसर हे किडे, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, जगभर पसरले. त्यासाठी कुणाला फसवी फाइल उघडायला लावायचीही गरज नव्हती. मशीन नेटला जोडलेलं असलं की पुरे. स्क्रीनवर एक चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी गणती सुरू व्हायची आणि मशीन बंद पडून परत सुरू व्हायचं. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्येच कंपनीला लेखी कळवलं होतं की यापुढे नव्या सोयींच्या आधी सुरक्षितता. पण आधीच उभ्या असलेल्या इमारतीला पत्रानं आधार मिळत नाही. माणसं पुढच्या विंडोजच्या कामावरून काढून एक्सपीच्या दुरुस्तीला लावावी लागली. त्यातून ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ हा दुरुस्त्यांचा गठ्ठा आला आणि फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणाऱ्या आगंतुकांना अडवणारी सोय, पहिल्यांदाच आपोआप चालू स्थितीत मिळाली.

मधला गोंधळ

या पुढच्या विंडोजचं कामकाजी नाव होतं लाँगहॉर्न. कॅनडातल्या व्हिसलर आणि ब्लॅककोम्ब या बर्फाळ डोंगरांपैकी पहिल्याचं नाव एक्सपीला आणि दुसऱ्याचं तिच्या नंतरच्या मोठ्या आवृत्तीला दिलेलं. त्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका बारचं नाव लाँगहॉर्न. म्हणजे बेत होता मधल्या मुक्कामाचा, छोट्या आवृत्तीचा. पुढे त्या मुक्कामातच सगळं सामान कोंबलं गेलं : नवी चित्रप्रणाली, नवी संपर्कप्रणाली, आणि फाइली फोल्डरऐवजी डेटाबेससारख्या शोधता येतील अशी विनएफएस नावाची साठवण.

ते पेललं नाही. २००४ च्या उन्हाळ्यात विंडोजचे प्रमुख जिम ऑलचिन यांनी गेट्सना स्पष्ट सांगितलं की हे असं जमणार नाही. तोवर लिहिलेलं बरंचसं बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर काम नव्याने सुरू झालं. विनएफएस वगळलं गेलं. जुलै २००५ मध्ये व्हिस्टा हे नाव जाहीर झालं, ८ नोव्हेंबर २००६ ला काम संपलं आणि ३० जानेवारी २००७ ला सर्वसामान्य ग्राहकांना ती मिळू लागली. त्याच दिवशी ऑलचिन निवृत्त झाले. एक्सपीला तेव्हा सव्वापाच वर्षं झाली होती. विंडोजच्या दोन आवृत्त्यांत एवढं अंतर त्याआधी कधी पडलं नव्हतं.

या सव्वापाच वर्षांनी दोन गोष्टी केल्या. एक्सपी लोकांच्या हाडीमाशी खिळली. आणि प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्यांची अशी समजूत झाली की व्हिस्टा काही इतक्यात येत नाही. या दुसऱ्या गोष्टीचा फटका पुढे दिसेल.

पायात काय बदललं

व्हिस्टा म्हटलं की अजूनही लोकांना आठवतात त्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्या. खरं काम झालं होतं ते न दिसणाऱ्या ठिकाणी.

पहिलं म्हणजे अधिकार. व्यवस्थापकाच्या खात्यात बसलात तरी रोजचं काम कमी अधिकारातच चालायचं. मशीनच्या मुळाशी हात घालणारं काही आलं की स्क्रीन काळवंडायची आणि परवानगी मागितली जायची. आणि ते घड्याळ? व्हिस्टात त्यावर एकदा टिचकी मारली की कॅलेंडर उघडायचं, कुणालाही. स्थानिक वेळक्षेत्र बदलायलाही व्यवस्थापक लागायचा नाही. फक्त प्रत्यक्ष वेळ बदलायची तर परवानगी. असे शेकडो जोड एकेक करून सोडवल्याशिवाय मर्यादित खातं वापरण्याजोगं होत नाही. घड्याळाची ही दुरुस्ती मला व्हिस्टातल्या कुठल्याही चकचकीत गोष्टीपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यामागे कुणीतरी सामान्य माणसाच्या बोटाचा विचार केलेला दिसतो.

दुसरं, पत्ते बदलण्याची युक्ती. एक्सपीत विंडोजचे महत्त्वाचे भाग मेमरीत ठरलेल्या जागी बसायचे. हल्लेखोराला आपल्या मशीनवर जागा मोजून ठेवता यायची आणि तीच दुसऱ्याच्या मशीनवर लागू पडायची. व्हिस्टात मशीन सुरू होताना हे भाग २५६ शक्य जागांपैकी कुठल्याही एका जागी बसू लागले. अंदाज चुकला की हल्ला फसतो. तिसरं, मागे चालणाऱ्या सेवा आणि समोर बसलेल्या माणसाचे प्रोग्राम यांच्यात भिंत उभी राहिली. एक्सपीत दोघे एकाच खोलीत असायचे.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्राम. त्याचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला गेला. त्यामुळे तो अडकला तर पूर्वीसारखी निळी स्क्रीन येऊन काम बुडण्याऐवजी बऱ्याचदा स्क्रीन क्षणभर काळी व्हायची, परत यायची, आणि कोपऱ्यात सूचना दिसायची की ड्रायव्हर बंद पडला होता, आता सावरला आहे. आवाजाची यंत्रणा नव्याने लिहिली गेली. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमीजास्त करता येऊ लागला. स्टार्ट मेनूत चार अक्षरं टाइप केली की प्रोग्राम समोर. या शेवटच्या सोयीची सवय एकदा लागली की माणूस एक्सपीकडे परतताना अडखळायचा.

आणि मराठी. याबद्दल व्हिस्टाच्या परीक्षणांत फारसं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी जरा थांबून लिहितो.

एक्सपीत युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखीच वाचता येईल अशा अक्षर-संकेतातली मराठी, होती, पण झोपलेली. ती जागी करायला कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, भाषा आणि प्रदेशाची खिडकी उघडायची, दुसऱ्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली बसवण्याच्या चौकोनात खूण करायची. मग मशीन म्हणायचं, एक्सपीची सीडी घाला. ज्या मशीनवर विंडोज दुकानदारानं टाकून दिलेली, त्याच्या घरी सीडी कुठून असणार? ती मिळवायची, फाइली चढवायच्या, मशीन बंद करून परत सुरू करायचं, मग मराठी टाइप करण्यासाठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा जोडायचा. हे न केलेल्या मशीनवर मराठी पान उघडलं तर एकतर नुसते चौकोन दिसायचे, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. 'स्थिती'सारखा साधा शब्दही वाचवत नसे. मराठी ईमेल पाठवण्याआधी समोरच्याला विचारावं लागायचं, तुमच्याकडे मराठी दिसतं का? न दिसणारे पुष्कळ होते. म्हणून छापखाने आणि कचेऱ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांनाच चिकटून राहिल्या, आणि त्या फाँटातला मजकूर दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उतरायचा.

व्हिस्टात हा चौकोनच नव्हता. देवनागरी पहिल्या दिवसापासून जागी. मी त्या काळात मराठी मजकूर टाइप करण्याच्या कामात होतो. पहिल्यांदा व्हिस्टासमोर बसलो आणि काहीही न बसवता एक मराठी पान उघडलं. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, सगळं जिथल्या तिथे. सीडी नाही, फोन करून कुणाला विचारणं नाही. आज हे सांगताना त्यात विशेष ते काय असं वाटेल. पण भाषेसाठी वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती लागत नाही, यातला फरक ज्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला त्यांना तो विसरता येत नाही. माझ्या हिशेबात व्हिस्टाच्या खात्यावर ही मोठी जमा आहे.

हाताला काय लागलं

आता नावे घालण्याची बाजू, आणि तीही लहान नाही.

एक्सपी ६४ एमबी रॅमवर कशीबशी आणि १२८ एमबीवर बरी चालेल अशी आखलेली होती. व्हिस्टाला किमान ५१२ एमबी, आणि काचेच्या खिडक्यांसकट नीट चालायला १ जीबी. हे कंपनीचे आकडे. त्यातही चित्रप्रणाली प्रत्येक उघड्या खिडकीची प्रतिमा मेमरीत दोनदा ठेवायची, एकदा मुख्य रॅममध्ये आणि एकदा ग्राफिक्ससाठीच्या मेमरीत. दहा खिडक्या उघडल्या की हिशेब कुठल्या कुठे जायचा. शिवाय मोकळी रॅम दिसली की व्हिस्टा तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्राम आधीच तिथे आणून ठेवायची. भरपूर रॅम असेल तर हा शहाणपणा. कमी असेल तर हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहायचा आणि माणूस वैतागायचा.

फाइल कॉपी करण्याचा प्रकार तर मुळातून समजून घेण्यासारखा आहे. एक्सपीत पेन ड्राइव्हवरून फोल्डर कॉपी केलं की कागद उडण्याचं चित्र यायचं आणि पटकन जायचं. लोकांना वाटायचं, झालं. पुष्कळदा झालेलं नसायचं. मजकूर अजून मेमरीत असायचा आणि डिस्कवर मागाहून उतरायचा. व्हिस्टाच्या पहिल्या आवृत्तीने हा मधला मुक्काम टाळला आणि डिस्कवर प्रत्यक्ष उतरेपर्यंत चौकट समोर ठेवली. हिशेबानं हे जास्त प्रामाणिक. पण समोर बसलेल्याला चौकट जास्त वेळ दिसली, आणि काही परिस्थितींत कॉपी खरोखरच मंदावली, कारण नुकती कॉपी केलेली फाइल लगेच उघडायची तर ती परत डिस्कवरून वाचावी लागायची. वर उरलेल्या वेळेचा अंदाज बांधण्यात चौकट स्वतःच वेळ घालवायची. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी हा सगळा प्रकार सविस्तर लिहून मांडला आणि सर्व्हिस पॅक १ मध्ये बरीचशी जुनी पद्धत परत आणली गेली. नवी रचना तांत्रिकदृष्ट्या योग्य असूनही माणसाच्या अनुभवात हरते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

परवानगीच्या चौकटींनी तर लोकांना हैराण केलं. संरक्षित जागी एक नवं फोल्डर करून त्याला नाव द्यायचं, एवढ्यासाठी पहिल्या आवृत्तीत चार वेळा विचारणा व्हायची. सर्व्हिस पॅक १ ने ती एकावर आणली. इतक्यांदा विचारलं की माणूस वाचणं सोडतो आणि हो म्हणत सुटतो, किंवा ती सोयच बंद करून टाकतो. मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी २००८ मध्ये एका सुरक्षा परिषदेत उघडपणे सांगितलं की लोकांना त्रास व्हावा हाच या सोयीचा हेतू होता. लोक तक्रार करतील आणि प्रोग्राम लिहिणारे आपल्या सवयी बदलतील. तसं झालंही. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने आकडा दिला की परवानगी मागायला लावणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्राम आणि कामांची संख्या ७,७५,३१२ वरून १,६८,१४९ वर आली. हेतू साध्य झाला हे खरं. पण ज्यांनी वाईट प्रोग्राम लिहिले त्यांना धडा मिळावा म्हणून ज्यांनी ते विकत घेतले त्यांना दिवसभर टोचत राहायचं, हे मला पटत नाही.

जुन्या प्रोग्रामांसाठी केलेली एक तडजोडही सांगतो. हिशेबाचा जुना प्रोग्राम आपली डेटा फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा. व्हिस्टात तिथे लिहायला बंदी. प्रोग्राम कोसळू नये म्हणून व्हिस्टा ती फाइल गुपचूप वापरणाऱ्याच्या खात्यातल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे वळवायची. प्रोग्रामला वाटायचं आपण जागेवर लिहिलं. काम चालू राहायचं. पण दुसऱ्या खात्यातून तोच प्रोग्राम उघडला, किंवा एकदा व्यवस्थापक म्हणून चालवला, की आजच्या नोंदी गायब आणि जुन्या नोंदी समोर. फाइल कुठेही गेलेली नसायची. पण मार्चअखेरीस टेबलाशी बसलेल्या माणसाला हे कसं कळणार? युक्ती हुशारीची होती. ती समजावून सांगायची सोय मात्र कुठेच ठेवलेली नव्हती.

आणि ड्रायव्हर. नव्या ग्राफिक्स आणि आवाजाच्या यंत्रणेला नवे ड्रायव्हर लागणार होते आणि ते वेळेवर आले नाहीत. पुढे न्यायालयात उघड झालेल्या कंपनीच्या अंतर्गत नोंदींनुसार २००७ मधल्या काही काळात नोंदल्या गेलेल्या व्हिस्टा कोसळण्याच्या घटनांपैकी जवळजवळ २९ टक्के ग्राफिक्सच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरमुळे होत्या आणि सुमारे १८ टक्के मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कामामुळे. लोकांच्या तोंडी नाव एकच : व्हिस्टा.

स्टिकर

या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे.

व्हिस्टा २००६ च्या नाताळच्या खरेदीला मिळणार नव्हती. नवी विंडोज येते आहे म्हणून लोक मशीन घ्यायचं थांबले तर कंपन्यांचा हंगाम जाणार. म्हणून २००६ मध्ये एक्सपीच्या मशीनवर 'व्हिस्टा कॅपेबल' असं स्टिकर चिकटवायला सुरुवात झाली : आज घ्या, उद्या यावर व्हिस्टा चालेल. स्टिकरची अट होती ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम. नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरची अटही आधी होती. पण इंटेलच्या ९१५ या चिपसेटला, म्हणजे मशीनमध्ये ग्राफिक्सचंही काम करणाऱ्या चिपच्या संचाला, ती पेलत नव्हती आणि तो चिपसेट असलेली मशीनं बाजारात भरभरून होती. अट काढली गेली. आता स्टिकर असलेल्या पुष्कळ मशीनवर व्हिस्टाची फक्त सर्वांत साधी आवृत्ती चालणार होती. जाहिरातीतल्या व्हिस्टाचं रूप तिथे दिसणारच नव्हतं.

२००७ मध्ये सिएटलच्या संघीय न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो सामूहिक दावा म्हणून मान्य झाला आणि वर्षभराने ती मान्यता काढून घेतली गेली. पण मधल्या काळात कंपनीतले ईमेल सार्वजनिक झाले. उपाध्यक्ष माइक नॅश यांनी लिहिलं होतं की त्यांनी स्वतः विश्वासानं घेतलेला ९१५ चिपसेटचा लॅपटॉप आता ईमेलपुरता उरला, तोही २,१०० डॉलरचा. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने लिहिलं होतं की इंटेलला तिमाहीचा आकडा गाठता यावा म्हणून अट खाली आणली. पुढे विंडोजची सूत्रं सांभाळणारे स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी कंपनीचे तेव्हाचे मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर यांना कळवलं की घरच्या प्रिंटरला वेळेवर ड्रायव्हर मिळाला नाही, आणि कारणही दिलं : व्हिस्टा खरंच येईल यावर कुणाचा विश्वासच नव्हता, म्हणून इतरांनी काम फार उशिरा सुरू केलं.

व्हिस्टा मंद आहे हे मत या मशीनवर तयार झालं. ५१२ एमबीच्या मशीनवर व्हिस्टा पाहिलेल्या माणसाने ती काढून टाकली, तर त्याने सुधारणेला विरोध केला असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला सुधारणा मिळालीच नव्हती. त्याला तिचं बिल मिळालं होतं.

जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने उलट बाजू सिद्ध करायचा प्रयत्न केला. व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेल्या एक्सपीच्या वापरकर्त्यांना 'मोहावी' नावाची नवी विंडोज दाखवली. त्यांनी तिला भरभरून गुण दिले, मग सांगितलं गेलं की ही व्हिस्टाच आहे. मत ऐकीव होतं हे त्यातून दिसलं, ते खरंच. पण तो लॅपटॉप २ जीबी रॅमचा होता, सगळं आधीच नीट बसवलेलं होतं आणि प्रोग्राम दुसरंच कुणी चालवून दाखवत होतं. कुणी आपला जुना प्रिंटर जोडून पाहिला नाही, कुणी त्यावर महिनाभर काम केलं नाही.

न दिसलेली परीक्षा

व्हिस्टाच्या पायाची खरी परीक्षा ऑक्टोबर २००८ मध्ये झाली. विंडोजच्या एका सेवेत मोठं भगदाड सापडलं आणि मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुरुस्त्यांच्या ठरलेल्या दिवसाची वाट न बघता २३ तारखेला दुरुस्ती दिली. दोष व्हिस्टातही होता, एक्सपीतही. पण दुरुस्तीसोबतच्या पत्रकात एक्सपी आणि २००० साठी धोक्याची पातळी सर्वांत वरची होती, आणि व्हिस्टासाठी एक पायरी खालची. एक्सपीत त्या सेवेपर्यंत अनोळखी मशीनला ओळख न देता पोचता यायचं; व्हिस्टात आधी ओळख पटवावी लागायची, आणि पुढे जागा बदलत राहणाऱ्या पत्त्यांचा अडसर होताच.

नोव्हेंबरमध्ये कॉन्फिकर हा नवा किडा आला. त्या भगदाडातून, आणि पुढे पेन ड्राइव्हमधूनही, तो लाखो मशीनमध्ये शिरला. फ्रान्सच्या नौदलाच्या जाळ्यापर्यंत पोचला. पेन ड्राइव्हची वाट व्हिस्टालाही मोकळी होती, तेव्हा व्हिस्टावाले अभेद्य होते असं मी म्हणणार नाही. पण मुख्य दारावर त्यांना जास्तीचा अडसर मिळालेला होता, आणि तो त्यांना कधी दिसलाही नसेल.

याच महिन्यांत विंडोज ७ आकाराला येत होती, आता सिनॉफ्स्कींच्या हाताखाली. तिने व्हिस्टाचा पाया तसाच ठेवला. खिडकीची मुख्य रॅममधली दुसरी प्रत काढून टाकली, त्यामुळे प्रत्येक खिडकीचा भार जवळजवळ निम्मा झाला. परवानगीच्या चौकटीला चार पायऱ्यांची पट्टी दिली आणि विंडोजच्याच स्वतःच्या सेटिंग्जसाठी एरवी विचारणं बंद केलं. रॅमची अट काचेच्या खिडक्यांसकट चालणाऱ्या व्हिस्टाइतकीच, १ जीबी, राहिली, आणि तोवर बाजारातली नवी मशीनं त्या अटीच्या पुढे गेली होती. व्हिस्टासाठी लिहिलेले ड्रायव्हर तिला बहुधा जसेच्या तसे चालले, कारण प्रिंटर आणि ग्राफिक्सवाल्यांचं काम आता झालेलं होतं. ६.१ हा क्रमांकही मुद्दाम ठेवलेला. मुख्य आकडा बदलला की तो तपासणारे प्रोग्राम अडतात, हे व्हिस्टाच्या वेळी अनुभवाला आलं होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये विंडोज ७ चं नाव आणि हा क्रमांक लोकांना समजावून सांगितला तो माइक नॅश यांनीच, त्या ईमेलपुरत्या लॅपटॉपच्या मालकाने.

दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाला

मग 'फॉरमॅट मारा' म्हणणाऱ्याला काय सांगायला हवं होतं?

२००७ च्या पहिल्या सहा महिन्यांत, ५१२ एमबीचं मशीन आणि ९१५ चिपसेट असेल, तर एक्सपी टाकून देणंच योग्य होतं. रॅम वाढवून ग्राफिक्सचं दुखणं जाणार नव्हतं. मशीन २ जीबीचं असेल तर मी त्याला थांबवलं असतं : मार्च २००८ मध्ये सर्व्हिस पॅक १ मिळाला की कॉपीचा आणि चौकटींचा बराच त्रास कमी होतो, तेवढा धीर धरा. १ जीबीवाल्याला आणखी एक जीबी घालायला सांगितलं असतं. फॉरमॅट मारून सगळे प्रोग्राम परत बसवण्यापेक्षा ते सोपं होतं. मराठीत काम करणारा असेल तर सीडीचा तो सगळा उपद्व्याप त्याला आठवून दिला असता. आणि कॉन्फिकरनंतर नेटला जोडलेलं चांगलं मशीन व्हिस्टावरून एक्सपीवर न्यायला कुणी आलं असतं, तर मी हात आखडता घेतला असता.

फक्त या सगळ्याआधी एक प्रश्न विचारला असता. प्रिंटर कोणता आहे, आणि त्याच्या कंपनीने व्हिस्टाचा ड्रायव्हर दिला आहे का? नसेल दिला, तर बाकीचं बोलणं तिथेच थांबवून एक्सपीची सीडी काढली असती.